डेथ कॅप ओळखताना आधी माती उकरा

२८ नोव्हेंबर २०१६ रोजी कॅलिफोर्नियाच्या विष नियंत्रण यंत्रणेकडे एका रुग्णाची खबर आली. रानातली अळंबी खाल्ल्याने त्याला विषबाधा झाल्याचा संशय होता. पुढच्या दोन आठवड्यांत राज्याच्या उत्तर भागातून असे आणखी १३ रुग्ण समोर आले. सगळे वाचले, पण तिघांचं यकृत बदलावं लागलं आणि दीड वर्षाच्या एका बाळाच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्या बाळाच्या घरच्यांनी अळंबी स्वतः खुडलेलीही नव्हती. एका अनोळखी माणसाने त्याच दिवशी डोंगरातून आणलेली म्हणून ती दिली होती. घरात ती भाजली गेली आणि सगळ्यांनी मिळून खाल्ली.

ती अळंबी म्हणजे डेथ कॅप. शास्त्रीय नाव अमानिटा फॅलॉइडीस. अळंबीच्या विषबाधेने जगभरात जे मृत्यू होतात, त्यांतल्या बहुसंख्य मृत्यूंमागे ही एकच जात असल्याचं मानलं जातं. तिच्या तावडीत सापडणाऱ्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लहानपणापासून अळंबी ओळखत आलेली, ती खुडण्याचा सराव असलेली माणसं त्यांत पुष्कळ असतात. त्यांची ओळख मात्र दुसऱ्या देशातल्या अळंबीशी झालेली असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि ऑस्ट्रेलियात आग्नेय आशियातून आणि चीनमधून आलेली कुटुंबं यात वारंवार सापडली. २०१५ च्या शरद ऋतूत जर्मनीत सीरियातून आलेल्या निर्वासितांवर हीच वेळ आली, तेव्हा हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठाने अरबीसह अनेक भाषांत इशाऱ्याची पत्रकं काढली.

मराठी घरांनाही हा धोका परका नाही. कोकणात, गोव्यात, विदर्भाच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यातल्या अळंबीचं वेड ज्यांना माहीत आहे, त्यांना हे सांगायला नको. आज कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, मेलबर्नमध्ये, लंडनच्या आसपास हजारो मराठी कुटुंबं राहतात आणि त्यांच्याकडे आईवडील काही महिन्यांसाठी येतात. पाऊस पडून गेल्यावर फिरायला गेलेल्या वडिलांना ओकच्या झाडाखाली पांढरी, भरदार अळंबी दिसली तर गावाकडची आठवण येणारच. अशा वेळी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आपल्याकडे वारुळाजवळ निघणारी, गोव्यात पानांत बांधून चढ्या भावाने विकली जाणारी अळंबी टर्मिटोमायसिस या गटातली. वाळवीने वारुळात जोपासलेल्या बुरशीतून ती वर येते. बुरशीची अशी शेती करणारी वाळवी फक्त आफ्रिकेत आणि आशियात आहे. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियात ती नाहीच. म्हणजे सॅन होजेच्या डोंगरात किंवा मेलबर्नच्या बागेत ‘आपली’ अळंबी दिसली, तर ती आपली नाही, हे जवळ न जाताही सांगता येतं. गावाकडच्या आजीचं ज्ञान खरंच असतं, पण ते तिच्या गावच्या मातीपुरतं.

डेथ कॅप मूळची युरोपातली. ओक, बीच, चेस्टनट, हेझल अशा झाडांच्या मुळांशी तिचं कवकजाल जोडलेलं असतं. बुरशी झाडाला पाणी आणि क्षार मिळवून देते, झाड तिला साखर देतं. या देवघेवीमुळेच ती जगभर पसरली. युरोपातून शोभेची आणि सावलीची रोपं मातीच्या गोळ्यासकट बोटींवर चढली आणि त्या मातीतून डेथ कॅपही निघाली. कॅलिफोर्नियातला तिचा जुना नमुना १९३८ मधला आहे आणि तो माँटेरीतल्या एका हॉटेलच्या आवारातून गोळा केलेला होता. पुढे तिथल्या मूळच्या कोस्ट लाइव्ह ओकशी तिचं जमलं आणि ती बागांमधून जंगलात शिरली. ॲन प्रिंगल या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय अभ्यासातून ती कॅलिफोर्नियाची मूळ रहिवासी नसून बाहेरून आलेली आहे, हे दाखवून दिलं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ती रस्त्याकडेला लावलेल्या हॉर्नबीमच्या झाडांखाली उगवते, तर कॅनबेरा आणि मेलबर्नमध्ये ओकच्या रांगांखाली.

म्हणून डेथ कॅप ही फक्त घनदाट जंगलातली गोष्ट समजू नये. शाळेच्या कुंपणालगत, पदपथाच्या कडेला, घरामागच्या हिरवळीवरही ती येते. झाडाची मुळं खोडापासून बरीच लांब गेलेली असतात, त्यामुळे अळंबी उघड्या गवतात दिसली तरी आजूबाजूला ओक आहे का, हे आधी पाहावं. युरोपात तिचा हंगाम साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर, कॅलिफोर्नियात शरदातल्या पहिल्या पावसापासून हिवाळाभर, आग्नेय ऑस्ट्रेलियात साधारण मार्च ते जून. पण हंगामावर विसंबणं बरं नाही. कॅनबेरात दोन माणसांचा बळी घेणारं जेवण २०११ च्या ३१ डिसेंबरचं, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यातलं होतं.

आता तिचं रूप. पूर्ण वाढलेल्या डेथ कॅपची टोपी ५ ते १५ सेंटिमीटर रुंद असते. सुरुवातीला ती घुमटाकार असते, मग पसरत जाऊन जवळजवळ सपाट होते. रंग पुस्तकांत हिरवट पिवळा किंवा ऑलिव्हच्या फळासारखा दिलेला असतो आणि इथेच पहिली फसगत होते. काही टोप्या पिवळसर, काही कांस्यासारख्या तपकिरी झाक असलेल्या, काही राखाडी, तर काही जवळजवळ पांढऱ्या निघतात. पावसाने आणि उन्हाने रंग आणखी फिका पडतो. बहुधा मध्यभागी रंग गडद आणि कडेला फिकट असतो. निरखून पाहिलं तर मध्यापासून कडेकडे गेलेल्या बारीक, आतूनच उमटलेल्या रेषा दिसतात. पृष्ठभाग गुळगुळीत, कोरड्या हवेत साटीनसारखा चकाकणारा आणि ओला असताना किंचित चिकट. हिच्या लालभडक नातेवाइकाच्या, म्हणजे फ्लाय ॲगॅरिकच्या टोपीवर पांढरे ठिपके असतात. डेथ कॅपच्या टोपीवर ते सहसा नसतात, फार तर पांढऱ्या पापुद्र्याचा एखादा तुकडा चिकटलेला राहतो. ‘ठिपके नाहीत, मग विषारी नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे.

टोपी उलटी केली की खाली दाटीवाटीने बसलेल्या पातळ पात्या दिसतात. त्यांना गिल्स म्हणतात. डेथ कॅपच्या गिल्स पांढऱ्या असतात, वय झालं तरी त्या गुलाबी किंवा तपकिरी होत नाहीत, आणि त्या देठाला चिकटलेल्या नसतात. देठाच्या वरच्या भागात पातळ, पांढरी झालर लोंबत असते. कोवळेपणी गिल्स झाकणारा पडदा फाटून ती बनते. देठ पांढरा किंवा टोपीच्याच रंगाची फिकट झाक असलेला असतो आणि बऱ्याचदा त्यावर नागमोडी नक्षी दिसते. कोवळ्या अळंबीला फारसा वास नसतो. जुनी झाल्यावर गोडसर, पुढे पुढे किळसवाणा होत जाणारा वास येतो.

पण ही सगळी लक्षणं दुय्यम म्हणावीत. निर्णायक खूण मातीत असते.

डेथ कॅप उगवते ती एका पांढऱ्या, अंड्याच्या आकाराच्या आवरणात बंद होऊन. वाढताना टोपी ते आवरण फोडून वर येते आणि त्याचा खालचा भाग देठाच्या बुंध्याभोवती पिशवीसारखा राहतो. शास्त्रात या पिशवीला व्होल्व्हा म्हणतात. ती बहुधा मातीत किंवा पालापाचोळ्यात गाडलेली असते. अळंबी खुडणारा माणूस सवयीने देठ मधेच मोडतो किंवा सुरीने जमिनीलगत कापतो. टोपलीत टोपी येते, झालर येते, अर्धा देठ येतो आणि ओळख पटवणारा भाग मातीतच राहतो. झालरही नाजूक असते, हाताळताना किंवा पावसात गळून पडते. मग टोपलीत उरते ती एक साधीसुधी, फिकट, सुबक अळंबी. तिच्याकडे पाहून जाणकारालाही छातीठोकपणे काही सांगता येणार नाही.

म्हणून कुठलीही अनोळखी अळंबी तपासायची, तर ती कधीही खेचून किंवा कापून काढू नये. आजूबाजूची माती चाकूने किंवा छोट्या खुरप्याने सैल करावी, बोटं देठाच्या खाली घालावीत आणि अळंबी बुडासकट अलगद उचलावी. बुंधा फुगीर आहे का, त्याभोवती फाटक्या कडेची पांढरी पिशवी आहे का, हे पाहावं. डेथ कॅपला हात लागल्याने विषबाधा होत नाही, हात धुतले की पुरे. भीती फक्त पोटात जाण्याची आहे. त्यामुळे जिभेवर ठेवून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. तसंही चवीवरून काहीच कळत नाही. वाचलेल्या रुग्णांपैकी अनेकांनी ती चवदार लागल्याचं डॉक्टरांना सांगितलं आहे.

पांढऱ्या गिल्स, देठावर झालर आणि बुडाशी पिशवी या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर ती अळंबी जिथे आहे तिथेच सोडावी. जात नेमकी कोणती, या वादात पडायचं कारणच नाही. डेथ कॅपच्या पांढऱ्याशुभ्र बहिणी, ज्यांना डिस्ट्रॉइंग एंजल म्हणतात, त्यांच्यातही हीच तीन लक्षणं आणि हेच विष असतं. याची उलट बाजू मात्र खरी नाही. पिशवी दिसली नाही म्हणजे अळंबी खाण्याजोगी, असा अर्थ कुणी काढू नये. गॅलेरिना मार्जिनाटा नावाची छोटी तपकिरी अळंबी कुजत्या लाकडावर येते. तिला पिशवी नसते आणि विष तेच असतं.

डेथ कॅपची गल्लत कोणाकोणाशी होते, हे पाहिलं की अपघात कसे घडतात ते समजतं. पहिली, अनेक जीव घेणारी गल्लत भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या पॅडी स्ट्रॉ मशरूमशी होते. चीनपासून आग्नेय आशियापर्यंत ते रोजच्या जेवणातलं मशरूम आहे, भारतातही ओडिशा, छत्तीसगडात त्याची लागवड होते. अडचण अशी की त्यालाही बुडाशी पिशवी असते आणि कोवळेपणी तेही अंड्याच्या आकाराचं असतं. पेंढ्यावर वाढलेलं मशरूम खाऊन मोठ्या झालेल्या माणसाला पिशवी पाहून शंका येण्याऐवजी उलट खात्री पटते. कॅनबेरातल्या त्या जेवणात नेमकं हेच घडलं असावं, असं मानलं जातं. स्वयंपाकी चीनमधून आलेला होता आणि अळंबी त्याने स्वतः खुडलेली होती. वाढलेल्या पॅडी स्ट्रॉ मशरूमला झालर नसते आणि त्याच्या गिल्स वयाबरोबर गुलाबी होतात. पण अंड्याच्या अवस्थेत यातलं काहीच बाहेरून दिसत नाही.

दुसरी गल्लत गोल, पांढऱ्या पफबॉलशी. पफबॉल हा वरपासून खालपर्यंत एकसंध असतो, त्याला आत अवयव नसतात. म्हणून पांढरा गोळा हाती आला की तो उभा, मधोमध चिरावा. आत पनीरच्या वडीसारखा सलग पांढरा गर दिसला तर तो पफबॉल असू शकतो. पण चिरलेल्या भागात टोपी, गिल्स आणि देठ यांची पुसटशी जरी आकृती दिसली, तरी ते अमानिटाचं अंडं समजून टाकून द्यावं.

तिसरी गल्लत युरोपातल्या शेतात आणि कुरणात उगवणाऱ्या फील्ड मशरूमशी, म्हणजे दुकानातल्या बटण मशरूमच्या रानटी नातेवाइकाशी. त्याच्या गिल्स कोवळेपणी गुलाबी आणि नंतर चॉकलेटी होतात, पिशवी नसते. पण अगदी कोवळं बटण हातात असेल, तर हा फरक कळणं अवघड जातं. म्हणून युरोपातले जुने खुडणारेही बंद बटणांना हात लावू नका असं शिकवतात. हिरव्या टोपीच्या रसुला नावाच्या अळंब्यांशीही गल्लत होते, पण त्यांना झालरही नसते आणि पिशवीही. त्यांचा देठ खडूसारखा तुटतो. कॅलिफोर्नियात कोकोरा नावाची अमानिटाच कुळातली अळंबी काही हौशी लोक आवडीने खातात. ती आणि डेथ कॅप एकाच झाडाखाली उगवू शकतात. अशा अळंबीच्या वाटेला अनुभवी माणसानेही जाऊ नये, असं या लेखाचं स्पष्ट मत आहे.

गिल्सचा रंग डोळ्यांना फसवतो. बीजाणूंचा रंग सहसा फसवत नाही. बीजाणूंचा ठसा घेणं घरीही जमतं. टोपी देठापासून वेगळी करून, गिल्स खाली येतील अशी कागदावर ठेवावी. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा, कारण पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही. वर वाडगं उपडं घालावं आणि रात्रभर तसंच राहू द्यावं. सकाळी टोपी उचलली की खाली गिल्सच्या रेषांसह ठसा उमटलेला असतो. डेथ कॅपचा पांढरा, पॅडी स्ट्रॉ मशरूमचा गुलाबी, फील्ड मशरूमचा गडद तपकिरी. कागद नंतर टाकून द्यावा, वाडगं नीट धुवावं किंवा टाकून द्यावं, आणि हा सगळा प्रयोग स्वयंपाकाच्या ओट्यापासून दूर करावा.

मात्र ठसा हा नाकारण्यासाठी उपयोगी आहे, स्वीकारण्यासाठी नाही. गुलाबी ठशाच्या अळंब्यांतही युरोपात एन्टोलोमासारख्या विषारी जाती आहेत. महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकांनी हिरवट ठसा लक्षात ठेवावा. पावसाळ्यात हिरवळीवर, मैदानावर उगवणारी, पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले असलेली क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस दिसायला मोठी आकर्षक असते. ती खाल्ली की दोन-तीन तासांतच जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात. तिचे बीजाणू हिरवे असतात.

आता काही समज, जे अनेक देशांत थोड्याफार फरकाने ऐकू येतात आणि ज्यांनी माणसं मेली आहेत. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी. लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो. कीड लागलेली, गोगलगायीने कुरतडलेली अळंबी माणसालाही चालते. टोपीची साल सहज निघाली तर ती खायला हरकत नाही. यातलं एकही खरं नाही. गोगलगायी डेथ कॅप खुशाल खातात, त्यांचं शरीर वेगळं. विषारी अळंबी उग्र वासाची, कडू, भडक रंगाची असते हा समजही तसाच खोटा. उकळून पाणी फेकल्याने, तळल्याने, मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवल्याने, गोठवल्याने किंवा वाळवल्याने डेथ कॅपचं विष जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या लिओंगाथा गावात २९ जुलै २०२३ च्या दुपारच्या जेवणानंतर तीन माणसं दगावली. तो अपघात नसून खून होता आणि २०२५ मध्ये ज्यूरीने यजमान बाईंना दोषी ठरवलं. खटल्यात अळंबी वाळवण्याच्या यंत्रावर डेथ कॅपचे अंश सापडल्याचा पुरावा महत्त्वाचा ठरला.

मोबाइलमधल्या ॲपवर विसंबणं हीदेखील नव्या काळातली अंधश्रद्धाच म्हणावी लागेल. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन लोकप्रिय ॲप्स तपासली, तेव्हा सर्वांत चांगल्या ॲपनेही जेमतेम निम्म्या नमुन्यांची बरोबर ओळख पटवली. कारण उघड आहे. फोटोत बहुधा फक्त टोपी असते. ॲपला वास येत नाही, ठसा दिसत नाही आणि माती उकरता येत नाही. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या अळंबी अभ्यासकांच्या संस्थेने आणखी एक इशारा दिला. ऑनलाइन दुकानांत रानअळंबीवरची काही पुस्तकं यंत्राने लिहिलेली असल्याचा दाट संशय होता, त्यामुळे लेखकाची खात्री करूनच पुस्तक घ्यावं असं त्यांनी सांगितलं. ज्यांना या विषयाची खरी ओढ आहे, त्यांनी आपल्या शहरातल्या अभ्यासक मंडळाच्या फेरीला जावं. कॅलिफोर्नियात, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात अशी मंडळं आहेत. तिथे अळंबी हातात घेऊन, उलटून, चिरून शिकवलं जातं आणि ती पोटात न घालताही तिचा आनंद घेता येतो.

विष काम कसं करतं, हे कळलं तर पुढच्या सूचनांचं महत्त्व पटेल. डेथ कॅपमधल्या घातक द्रव्यांना अमाटॉक्सिन म्हणतात, त्यांतलं प्रमुख अल्फा-अमानिटिन. पेशीला प्रथिनं बनवायची, तर आधी जनुकातल्या सूचनेची आरएनए रूपातली प्रत काढावी लागते. ही प्रत काढणारं विकरच अल्फा-अमानिटिन बंद पाडतं. त्यामुळे पेशी एकदम मरत नाही, जवळचा साठा संपत जातो तशी मरते. यकृत हे विष रक्तातून ओढून घेतं, पित्तातून आतड्यात सोडतं, आतडं ते पुन्हा शोषतं आणि तेच विष परत यकृताकडे येतं. एका मध्यम आकाराच्या टोपीत प्रौढ माणसाचा जीव घेण्याइतकं विष असू शकतं.

याचा परिणाम म्हणजे लक्षणांचं विलक्षण फसवं वेळापत्रक. खाल्ल्यानंतर ६ ते १२ तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, काहीच होत नाही. रात्री जेवलेला माणूस शांत झोपतो. मग पोटात कळा, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे थांबतं. माणूस उठून बसतो, चहा मागतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. कित्येकदा याच वेळी रुग्णाला दवाखान्यातून घरी नेलं जातं. पण या बरं वाटण्याच्या काळातच यकृताच्या पेशी मरत असतात आणि रक्ततपासणीत ते दिसत असतं. त्यानंतर कावीळ, रक्त न गोठणं, मूत्रपिंडं बंद पडणं, बेशुद्धी. मृत्यू आलाच तर तो बहुधा आठवडाभराने किंवा त्याहूनही उशिरा येतो. पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स अळंबी खाल्ल्यावर आजारी पडला आणि सुमारे दहा दिवसांनी, २० ऑक्टोबर १७४० रोजी वारला. ती डेथ कॅपच असावी, असा अनेक अभ्यासकांचा कयास या दिवसांच्या हिशेबावरच बेतलेला आहे. त्याच्या मागे ऑस्ट्रियाच्या गादीसाठी युरोपभर युद्ध पेटलं.

भारतातही विषारी रानअळंबी जीव घेते. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या चहामळ्यांच्या पट्ट्यात ती खाऊन १३ जण दगावले, त्यांत लहान मूलही होतं. उलट्या-जुलाब साधे समजून घरीच काढलेला प्रत्येक तास अशा वेळी महागात पडतो.

म्हणून रानातली अळंबी खाल्ल्याचं लक्षात आलं आणि ती ओळखीची असल्याची खात्री नसेल, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. एकाच पातेल्यातलं ज्यांनी खाल्लं, त्या सगळ्यांनी जावं, ज्यांना काहीच होत नाही त्यांनीसुद्धा. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून घरी उलटी काढू नये. डॉक्टरांना सर्वांत आधी सांगायची गोष्ट म्हणजे खाल्ल्याची वेळ आणि त्रास सुरू झाल्याची वेळ. सहा तासांनंतर सुरू झालेले उलट्या-जुलाब ऐकताच जाणत्या डॉक्टरच्या मनात अमाटॉक्सिनची शंका यायला हवी, आणि ती आली नाही तर नातेवाइकांनी स्वतः ‘डेथ कॅप’ हा शब्द उच्चारावा. जेवणात दोन-तीन प्रकारच्या अळंब्या असतील, तर लवकर सुरू झालेल्या त्रासानेही निर्धास्त होऊ नये. एक सौम्य आणि दुसरी जीवघेणी असू शकते.

उरलेली भाजी, कच्चे तुकडे, कचऱ्यात टाकलेली देठं, जे मिळेल ते कागदी पिशवीत घालून सोबत न्यावं. प्लॅस्टिकमध्ये अळंबी लवकर सडते. जिथून खुडली ती जागा माहीत असेल, तर कुणीतरी तिथे जाऊन मातीत राहिलेलं बूड उकरून आणावं आणि आजूबाजूच्या झाडांचे फोटो काढावेत. डेथ कॅपच्या विषावर रामबाण उतारा नाही. सलाइन, ॲक्टिव्हेटेड चारकोल, एन-ॲसिटिलसिस्टीन आणि मिल्क थिसल या वनस्पतीपासून मिळणारं सिलिबिनिन यांच्या साहाय्याने यकृताला सावरलं जातं. सिलिबिनिन विषाला यकृताच्या पेशीत शिरताना अडवतं, म्हणून ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं चांगलं. तेवढ्यानेही भागलं नाही तर यकृताचं प्रत्यारोपण. एके काळी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आज चांगल्या उपचारांत हे प्रमाण साधारण १० ते २० टक्क्यांवर आलं आहे, पण त्यात वेळेवर पोहोचण्याचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेत कुठूनही १-८००-२२२-१२२२ या क्रमांकावर विष नियंत्रण केंद्राशी चोवीस तास बोलता येतं, ऑस्ट्रेलियात १३ ११ २६ या क्रमांकावर. परदेशात राहणाऱ्या घरांनी हे आकडे आपल्या फोनमध्ये आणि पाहुण्या आईवडिलांच्याही फोनमध्ये घालून ठेवावेत.

ज्यांच्या अंगणात किंवा जवळच्या बागेत ओक आहे आणि घरात रांगतं मूल किंवा कुत्रं आहे, त्यांनी पाऊस पडून गेल्यावर दर एक-दोन दिवसांनी गवतावरून नजर फिरवावी. डेथ कॅप खाऊन कुत्रीही मरतात. उगवलेली अळंबी हातमोजे घालून बुडासकट काढावी, पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावी, खतात टाकू नये. कवकजाल जमिनीत मुळांशी शिल्लकच राहतं, त्यामुळे पुढच्या पावसानंतर त्याच जागी नवी अंडी वर येतील, तेव्हा ती पुन्हा काढावी लागतील.